कन्याकुमारीपासून वर

भारत देश कुणी घडवला यावर विद्वानांत वाद असतील, पण देगलूर तालुक्यापुरता तो आमच्या पेंटरचाचांनी घडवला, आणि तोही तेलरंगात. तालुक्यातल्या निम्म्याअधिक शाळांच्या भिंतींवरचा भारताचा नकाशा त्यांच्या हातचा आहे. ते माझ्या वडिलांचे दोस्त. लहानपणी ते मला 'बेटा' म्हणायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो त्या दिवसापासून 'मास्तर' म्हणू लागले आणि माझ्याकडून चहा घेण्याचा आपला हक्क त्यांनी त्याच दिवशी कायम केला.

चुकीचं अक्षर दिसलं की चाचांना पुढं पाऊल टाकता येत नसे. पाऊल म्हणजे सायकल. तिच्या दांडीला रंगाचे डबे आणि शिडी असा सगळा संसार बांधलेला असायचा. एका सलूनच्या पाटीवर 'केशकर्तणालय' असं लिहिलेलं त्यांनी भर दुपारी, मालक गिऱ्हाइकाची दाढी करत असताना, बाहेरच्या बाहेर दुरुस्त केलं. मालक साबणाच्या हातानं धावत आला. "चाचा, त्या 'ण'नं माझा धंदा अडला होता का?" "तुझा धंदा न्हाई अडला, माझा जीव अडला," चाचा शिडीवरूनच म्हणाले. तीन राज्यांच्या सरहद्दीवरचं गाव असल्यानं त्यांना चार लिप्यांतल्या चुका छळत. "मराठी अक्षर दोरीला लटकतंय, तेलगू मांडी घालून बसतंय, कन्नड त्याचं भावंड, आन् उर्दू उलट्या बाजूनं घरात येतंय. पण समदे निघतेत एकाच ब्रशातून," असं ते सांगत आणि हे सांगताना ब्रश असा उंच धरत, की समोरच्याच्या शर्टावर चारांपैकी कुठल्यातरी भाषेचा थेंब पडायचाच.

नकाशा मात्र ते पुस्तक न बघता काढायचे. सुरुवात कन्याकुमारीपासून. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "घर खालून बांधत्यात का वरून?" कर्नाटक ओलांडलं की एक चहा, विंध्य चढला की दुसरा. अंदमानचे ठिपके पुरे झाल्याशिवाय ते जेवायला बसत नसत. एका हेडमास्तरांनी घाईनं "राहू द्या हो, कोण बघतंय?" म्हटलं, तर चाचा खरोखर दुखावले. "तिथं माणसं न्हाईत का, साहेब?" आणि देगलूरचा ठिपका ते दिल्लीपेक्षा मोठा द्यायचे. त्यावर कुणी हरकत घेतली तर उत्तर तयार असे. "लेकराला आधी आपलं घर घावलं पाह्यजे. दिल्ली काय, मास्तर दाखवतेतच."

चार वर्षांमागं त्यांनी माझ्या शाळेची भिंत घेतली. देगलूरपासून आठ-दहा किलोमीटरवरचं ते खेडं. सव्वीस जानेवारी पाच दिवसांवर आली होती. नकाशा नर्मदेपर्यंत पोचला होता, तेवढ्यात गावातला एक तरुण आला. पुढारी व्हायच्या वाटेवरचा, शाळेच्या कामात लक्ष घालणारा. भिंतीकडं बघून तो मला म्हणाला, "सर, देशाचा नकाशा काढायला आपल्यातला पेंटर भेटला न्हाई का?"

आवाज हळू होता, पण शिडीपर्यंत पोचण्याइतका होता. ब्रश जागीच थांबला. आणि मी, जो पोरांना नागरिकशास्त्र शिकवतो, तो मी कसनुसा हसलो, "तसं काही नाही हो…" असं काहीतरी पुटपुटलो आणि शाळेच्या घंटेकडं बघत उभा राहिलो. तो तरुण गेला. चाचा खाली उतरले. ब्रश पुसला, डबे बांधले. मी म्हटलं, "चाचा, चहा?" म्हणाले, "आज नको." चाचांनी चहाला नको म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

दोन दिवस भिंत तशीच राहिली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी तिसऱ्या दिवशी पळी हातात घेऊनच माझ्यासमोर आल्या. "सर, अर्ध्या देशाला झेंडावंदन करायचं का आता? आमच्या बुद्धविहारावरचं नाव त्यांनीच लिव्हलंय. तवा कुणी इचारलं न्हाई, कुणातला पेंटर म्हणून."

मी त्याच दुपारी देगलूर गाठलं. चाचा अंगणात ब्रश रॉकेलमध्ये बुडवून बसले होते. मी बोलायच्या आधीच म्हणाले, "मास्तर, तो पोरगा मला वळखत न्हाई. त्याचं काय मनाला लावून घ्यायचं? पण तुम्ही वळखता. तुम्ही घंटीकडं का बघून राहिले होते?"

"चुकलं, चाचा," एवढंच मला म्हणता आलं.

ते ब्रशाचे केस नीट करत राहिले. मग म्हणाले, "इथलाच असल्याचा कागद मागितला असता तर दाखवला असता. आजाच्या नावचा बी हाय पेटीत. पण कागदानं कुणाचं मन भरलंय? मला काढता येतंय. तेवढंच मी दाखवू शकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. तो तरुणही आला. या वेळी मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो, "हा नकाशा चाचाच पुरा करतील. देशाची रेघन् रेघ पाठ असलेला दुसरा कुणी गावात असेल तर त्यानं पुढं यावं." कुणी पुढं आलं नाही. त्या तरुणानं माफी मागितली किंवा तो बदलला, असं मी सांगणार नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. दुपारपर्यंत काश्मीर झालं. मी म्हटलं, "चाचा, कोपऱ्यात नाव टाका तुमचं." ते दचकलेच. "मास्तर, देशावर कुणी सही करतंय का?"

पुढं माझी बदली चाकूरकडं झाली. आता शाळांत छापील नकाशे येतात, भिंतींना फ्लेक्स लागतात. गेल्या दिवाळीत देगलूरला गेलो तेव्हा चाचांचा उजवा हात सतत थरथरत होता. चाचींनी चहाचा कप त्यांच्या डाव्या हातात दिला. काम बंद केलं का, हे विचारायचा मला धीर होईना. त्यांनी ते ओळखलं.

"जमिनीवरच्या हद्दी आता सोडल्या," ते म्हणाले. "त्याला हात पक्का लागतो. कुणी बोलावलं तर नुसता किनारा काढून येतो. तिथं हात हालला तरी चालतंय, मास्तर. समुंदर बी हालूनच राहिलाय की."