तिसरी घंटा

सोमवारी सकाळी नऊ चाळीसला हडपसरच्या आमच्या कारखान्यातल्या मीटिंग रूममध्ये मी घंटा वाजवली आणि वैशाली मेश्रामचं वाक्य अर्धवट राहिलं. त्या वेळी गेटच्या आत एक भरलेला ट्रक उभा होता. तो अकराला निघणार होता.

वाक्य एवढंच झालं होतं : "सर, शनिवारचा गेज..."

घंटा "सर" या शब्दासाठी होती.

कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे सिलिंडर बनतात. मी एचआरचं काम बघते. गेल्या वर्षी तीन इंजिनिअर नोकरी सोडून गेले. जाताना तिघांनीही फॉर्मवर एकच कारण लिहिलं : इथे वरिष्ठांना चूक सांगता येत नाही. हेड ऑफिसने सायकॉलॉजिकल सेफ्टी आणायला सांगितली. म्हणजे चूक सांगताना माणसाला भीती वाटू नये, अशी व्यवस्था. कोथरूडहून एक ट्रेनर आल्या. दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी मूळ कारण शोधलं. ते "सर" या शब्दात होतं.

नियम ठरला. प्लांट हेडपासून ऑपरेटरपर्यंत सगळ्यांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची. कोणी सर, मॅडम, साहेब म्हटलं की घंटा. मग त्याने तेच वाक्य नाव घेऊन पुन्हा म्हणायचं. तोवर चर्चा पुढे जाणार नाही. हॉटेलच्या रिसेप्शनवर असते तशी घंटा अॅडमिनने आणली. घंटांचं रजिस्टर माझ्याकडे आलं. प्रोबेशनवरच्या, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या माणसाच्या नावावर तीन घंटा लागल्या की त्याच्या फॉर्मवर पक्कं होणं लांबवणारा शेरा पडणार होता : "मोकळ्या वातावरणाशी जुळवून घेण्यास वेळ लागतो."

पहिल्या महिन्यात रजिस्टरची चार पानं भरली. दुसऱ्या महिन्यात अर्धं. हेड ऑफिसने अभिनंदनाचा मेल पाठवला. प्रत्यक्षात लोकांनी नावाशिवाय बोलायची सवय लावून घेतली होती. "वरून काही सांगणं आहे का?" "तिकडून सही झाली का?" लाइन सुपरवायझर कदमकाका मांजरी गावचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी मीटिंगमध्ये बोलणंच सोडलं होतं.

वैशाली चोवीस वर्षांची. भंडाऱ्याहून आलेली, विश्रांतवाडीत मावशीकडे राहणारी, मोजमापाच्या लॅबमध्ये टेक्निशियन. तिचं प्रोबेशन त्या शुक्रवारी संपत होतं. रजिस्टरमध्ये तिच्या नावावर दोन घंटा होत्या. ही तिसरी.

प्लांट हेड बेहेरे पंचावन्न वर्षांचे. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि प्रोत्साहन देणाऱ्या आवाजात म्हणाले, "वैशाली, श्रीनिवास म्हण. घाबरू नकोस. घे, नाव घे."

डिझाइनचे साठे म्हणाले, "उखाण्यात घेतलं तरी चालेल."

लोक हसले. वैशालीच्या हातात एक चिठ्ठी होती. ती "श्री" म्हणाली आणि थांबली.

"माझ्या बाबांपेक्षा मोठे आहात तुम्ही," ती म्हणाली.

"वय ही हायरार्की आहे," बेहेरे म्हणाले. हायरार्की म्हणजे उतरंड; हे वाक्य वर्कशॉपमधलं होतं.

"काही नाही. राहू द्या." ती खाली बसली. माझ्या हातात मीटिंगच्या मिनिट्सचा, म्हणजे नोंदींचा, कागद होता. तिच्या नावापुढे मी लिहिलं : मुद्दा नाही.

चिठ्ठी टेबलावर होती. शेजारी बसलेल्या कदमांनी ती ओढून वाचली. मग ते उभे राहिले.

"नाव घेतलं की बोलू देणार ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"मग ऐका."

त्यांनी घसा साफ केला.

"पडलेल्या गेजवर स्टिकर हिरवा नवा,
श्रीनिवासरावांचं नाव घेतो, ट्रक तेवढा थांबवा."

कोणी हसलं नाही. साठे म्हणाले, "काका, कुठला गेज?"

"बोअर गेज. सिलिंडरच्या भोकाचं माप घेतो तो. हाय लॅबमध्ये, जाऊन बघा. कडेला ताजा पोचा हाय, न् वर 'तपासला, ठीक'चा हिरवा स्टिकर. पोरीनं सकाळी मास्टर रिंगवर लावला." मास्टर रिंग म्हणजे अचूक मापाचं पोलादी कडं. गेज खरं बोलतोय का, हे त्यावर तपासतात. "चार शतांश मिलिमीटर चुकतोय. शनिवारचा सगळा माल त्यानंच पास केलाय. भोक मोठं राहिलं तर तेल गळतं. ब्रेक लागत नाही."

बेहेऱ्यांनी वैशालीकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

"हो, स..." ती म्हणाली. मी घंटेला हात लावला नाही.

"मग मघाशीच का नाही सांगितलंस?"

या प्रश्नाचं उत्तर मिनिट्समध्ये नाही. बेहेऱ्यांनी गेटवर फोन केला. ट्रक दहा वाजून पाच मिनिटांनी रिकामा करायला घेतला.

दुपारी मी ट्रेनरना फोन करून विचारलं की "राव" लावलं तर घंटा धरायची का. त्या म्हणाल्या, "राव म्हणजे आदरच. धरायची." उखाण्याबद्दल मात्र त्यांना कौतुक वाटलं. पुढच्या बॅचला उदाहरण म्हणून वापरायची परवानगी त्यांनी मागितली.

कदम संध्याकाळी माझ्या टेबलाशी आले. "माझ्या नावावर घंटा लावली म्हणे."

"हो."

"अजून एक लावा. पोरीची तिसरी खोडा."

"काका, रजिस्टरला पाननंबर आहेत. खाडाखोड चालत नाही."

"मग साहेबांना विचारा."

मी बेहेऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "मुलगी हुशार आहे. पण एका माणसासाठी नियम वाकवला, तर लोकांचा सेफ्टीवरचा विश्वास उडेल." बाहेर पडताना मी "बरं, सर" म्हणाले. केबिनमध्ये घंटा नव्हती.

माल पुन्हा तपासायला तीन दिवस लागले. ते काम वैशालीने केलं. एकतीस सिलिंडर बाद झाले. गेज कोणाच्या हातून पडला, हे अजून कोणी सांगितलेलं नाही. गुरुवारी हेड ऑफिसचा मेल आला. चूक वेळेत समोर आल्याबद्दल प्लांटला "मोकळा आवाज" प्रमाणपत्र मिळालं होतं. ते मीटिंग रूममध्ये, घंटेच्या मागच्या भिंतीवर लावलं आहे. फोटोत बेहेरे, साठे, कदम आणि मी आहोत. वैशाली तेव्हा लॅबमध्ये होती.

शुक्रवारी तिचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवण्यात आलं. पत्रावर सही माझी आहे.