गाजराचे काप

कोशिंबिरीसाठी गाजर चिरलं की त्या वासानं कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. राधानगरीच्या जांभळाची दोऱ्यासारखी मुळं गाजराच्या फोडीत धरून मी सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ब्लेडनं पातळ काप काढायची. मूळ जाड होतं ते मुख्यतः बाहेरच्या सालीमुळं, आतला पाणी वाहणारा गाभा त्या मानानं वाढत नाही, हे मी मोजून काढलं होतं. पीएच.डी. त्यावरच करायची होती.

सरांनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं. "झकास काम हाय की! हे आता आपला मोहिते पीएच.डी.ला पुढं न्हील. तुझं लग्न ठरलंय न्हवं?"

मी लाजून हसले आणि कापांच्या काचपट्ट्या माझ्याच वर्गातल्या मोहितेच्या हातात दिल्या. तेव्हा ते कौतुकच वाटलं होतं.

आज जेवताना नवरा म्हणाला, "पावणं, काप बघा, कागदागत! हिचा हातच तसला हाय."

मी पाहुण्यांना आणखी कोशिंबीर वाढली.