दवंडी देणाऱ्याचं दार

निंबहळ्ळीच्या सिद्धारामला कुणी विचारलं, बाबा, आयुष्यभर केलंस काय, तर तो सांगायचा, "गाव बाहेर काढलं." आणि ते खोटं नव्हतं. कागदावर आता त्याला महसूल सेवक म्हणतात, पण दक्षिण सोलापुरातल्या या गावाला तो एकतीस वर्षं कोतवालच. गंजीला आग लागो, विहिरीत म्हैस पडो, ओढ्याला अवचित पाणी येवो, सिद्धारामची हलगी वाजली की गाव हातातलं काम टाकून पारावर हजर. आधी मराठीतनं "ऐका हो", लगेच कानडीतनं "केळ्रप्पो केळ्री". संकटात जो घरात बसला तो गावाचा नव्हे, हा इथला कायदा. लिहिलेला कुठंच नाही, पण मोडायची कुणाची टाप नव्हती.

आणि असल्या गावाच्या नदीपलीकडं अणुवीज प्रकल्प उभा राहिला. सरपंच राजेश्वरीबाई गप्प बसणाऱ्या बाई नव्हेत. त्यांनी जिल्ह्याला पत्रं धाडली. तिकडं काही बिघडलं तर आम्हाला कोण सांगणार, किती वेळात सांगणार, आणि आम्ही करायचं काय? दोन पत्रं कुठं गडप झाली देव जाणे. तिसऱ्यानंतर एक जाडजूड आराखडा आला. निंबहळ्ळीच्या नावापुढं लिहिलेलं होतं की भोंगा वाजेल, भोंगा बंद असेल तर कोतवाल दवंडी देईल, आणि लोकांनी घरात जाऊन दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. बाईंनी सिद्धारामला ते वाचून दाखवलं. सरकारी पुस्तकात आपलं काम छापून आलं, याचंच त्याला कोण कौतुक!

प्रकल्प सुरू व्हायच्या आधी तालीम घ्यायची, असा नियम. एका मंगळवारी अकरा वाजता तहसीलमधले व्हनमाने साहेब जीप घेऊन आले. नेमकी तेव्हाच लाइट गेली. भोंगा खांबावर मुका. मग साहेबांनी सिद्धारामकडं बोट केलं आणि यानं जीव लावून हलगी बडवली.

दहा मिनिटांत अख्खं गाव पारावर. बायकांच्या हाताला पीठ तसंच. शाळेतली पोरं रांगेनं आलेली. एकजण पाण्याचा टँकर जोडून ट्रॅक्टर घेऊन आला, आग कुठाय म्हणून विचारू लागला. म्हाताऱ्या मुक्ताबाईला तर दोघांनी बाजेसकट उचलून आणलेलं, बिचारी मागं राहायला नको म्हणून. सिद्धाराम घसा फोडून सांगत होता, घरात जावा, घरात जावा. पण हलगी आधी पोचते, शब्द मागनं. तोवर माणसं निघालेली असतात.

राजेश्वरीबाई साहेबांना एवढंच म्हणाल्या, "साहेब, आज खरंच काही झालं असतं, तर ही सगळी माणसं उघड्यावर उभी आहेत."

ते सिद्धारामनं ऐकलं. ज्या हलगीवर जन्मभर मान ताठ ठेवली, तीच गावाला मरणाकडं बोलवायची? त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली नाही. बायको गुरम्मानं दोनदा आग्रह केला, तरी यानं ताट बाजूला सारलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा तालीम ठरली. या पंधरा दिवसांत माणसानं काय केलं म्हणता? पारावरच्या वडावरचं आग्या मोहोळ दोन वर्षांमागं उठलं होतं. तेव्हा कुणाला सांगावं लागलं नव्हतं. दोन मिनिटांत सगळी दारं बंद, फटींत फडकी कोंबलेली. ते त्याला आठवलं आणि तो घरोघर हिंडायला लागला. हलगीवर एकच थाप, मग थांबायचं, पुन्हा एकच थाप. हे ऐकलं की मोहोळ उठलंय असं समजायचं, म्हणायचा. दिसत नाही, एवढंच. डेअरीवरच्या रिकामटेकड्यांनी चेष्टा केली, की कोतवाल म्हातारपणी गाव आत घालायला निघालाय. यानं त्यांच्याही कानाशी हलगी वाजवली आणि पुढं गेला. वस्त्यांवर गेला, शाळेत गेला, मुक्ताबाईच्या बाजेशी बसून तिच्याकडनंही घोकून घेतलं.

तालमीच्या दिवशीही लाइट नव्हतीच; थाप पडली आणि गाव आत गेलं. धडाधड दारं लागली. सिद्धाराम एकटाच गल्लीगल्लीतनं थाप देत फिरला. हलगी हातात आणि समोर माणूस नाही, असं त्याच्या जन्मात झालं नव्हतं. कोंबड्या तेवढ्या इकडंतिकडं करत होत्या. त्याला बरंही वाटलं आणि कसंतरीही वाटलं.

साहेब आणि राजेश्वरीबाई मागनं घरं तपासत आले. हे बंद, तेही बंद. साहेब खूश. शेवटच्या गल्लीत मात्र एक दार सताड उघडं, आणि उंबऱ्यावर बाई बसलेली. घर कुणाचं? कोतवालाचं. बाई गुरम्मा.

सिद्धारामला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. साऱ्या गावाला शिकवलं आणि घरच्याच बाईनं नाक कापलं, म्हणून तो तिच्यावर भडकला. ती जागची हलली नाही.

"हे बाहेर हायती की," ती साहेबांना म्हणाली. "मी दार लावून घेतल्यावर ह्यांनी जायाचं कुटं? तुमच्या पुस्तकात लिवलंय का, कोतवालानं आत कवा यायचं?"

साहेबांनी आराखडा उघडला. पानं मागं गेली, पुढं आली. भोंगा होता, दवंडी होती, जीप कुठल्या रस्त्यानं येईल तेही होतं. दवंडी देणाऱ्याचं काय, ते कुठंच नव्हतं. राजेश्वरीबाईंचीही मान खाली गेली, कारण तीन पत्रांत त्यांनीही ते विचारलं नव्हतं. सिद्धारामचा राग उतरला. त्याला स्वतःलाच हे कधी सुचलं नव्हतं.

साहेब घड्याळ बघून म्हणाले, ते बघू नंतर, आधी तालीम संपल्याची दवंडी द्या, लोक आत उकडून निघाले असतील.

सिद्धारामनं हलगी गळ्यातनं काढली, उंबऱ्यावर ठेवली आणि गुरम्माच्या शेजारी टेकला.

"तुमी लिवा साहेब," तो म्हणाला. "तंवर गाव आतच हाय."