समुद्र कुठल्या बाजूला?

अनंतराव पाटील, म्हणजे आम्हा सगळ्यांचे अण्णा, पंचाहत्तर वर्षांचे झाले. अलिबागच्या आमच्या हौशी नाट्यमंडळाने गौरवग्रंथ काढायचे ठरवले आणि त्यांच्या प्रकाशयोजनेवर लिहायचे काम माझ्याकडे आले. नेमके याच वर्षी अण्णा म्हणाले, "डोळे साथ देत न्हायत. यंदाच्या नाटकाच्या दिव्यांचा नकाशा माझ्याच्यानं होणार न्हाय. आता मी घरीच बरा." तेव्हापासून मला चैन नाही. लिहिताना हात जड झाला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमची पहिली ओळख माझ्या फजितीतून झाली. मी शाळेत शिक्षिका. नायिका व्हायला म्हणून मंडळात गेले आणि दिग्दर्शकांनी माझा आवाज ऐकून मला दिव्यांकडे धाडले! मी फुरंगटून बसले होते. अण्णा तेव्हा भूमापन कार्यालयात नकाशे काढत. त्यांनी माझ्यापुढे भलामोठा कागद पसरला. रंगमंच वरून पाहिला तर दिसेल तसा आखलेला. प्रत्येक दिव्याला क्रमांक, रंग, आणि तो ज्याच्यावर पडणार त्या नटाचे नाव. कुठे खाडाखोड नाही. "दिवसभर जमिनीच्या हद्दी काढतो, संध्याकाळी उजेडाच्या," म्हणाले आणि हसले. माझा रुसवा तिथेच गेला.

पण खरे अण्णा कळले ते श्रीवर्धनला. सुपारीच्या वाडीलगत मांडवात प्रयोग होता. अण्णांच्या घरी वहिनी आजारी, त्यामुळे अण्णांनी नकाशा माझ्या हाती देऊन मला एकटीला पाठवले. मी मोठ्या ऐटीत सगळे दिवे टांगून घेतले. प्रयोगाला तासभर असताना लावून बघते तर काय, मरणाच्या प्रवेशातली आई खाटेवर अंधारात आणि उजेड पलीकडच्या रिकाम्या कोपऱ्यात! अण्णांनी लिहिलेले 'डावीकडे' म्हणजे नटाच्या डावीकडे. मी शहाणीने प्रेक्षकांची डावी धरली होती. रडत फोन केला.

"दिवे हलवू नकोस, बाय. खाट हलव," अण्णा शांतपणे म्हणाले.

खाट हलली, दार हलले, तुळशीवृंदावन हलले. नटमंडळी माझा उद्धार करत उलट्या बाजूने चालायला शिकली आणि प्रयोग निभावला. परत आल्यावर माफी मागायला गेले, तर अण्णाच म्हणाले, "चूक माझ्या कागदाची. वाचणाऱ्याला कळला न्हाय तो नकाशा कसला?"

त्यानंतर त्यांच्या नकाशावर डावे-उजवे कधी आले नाही. कुठेही प्रयोग असो, आधी विचारायचे, "समुद्र कुठल्या बाजूला?" मग त्या कडेला 'समुद्र' आणि समोरच्या कडेला 'डोंगर' लिहायचे. आपल्या किनाऱ्यावर यात कुणाची चूक व्हायची सोयच नाही. पुण्याला गेलो तिथेही हाच प्रश्न! तिथले व्यवस्थापक आमच्या तोंडाकडे बघतच राहिले.

माझे यजमान गेले तेव्हा वर्षभर मी मंडळाकडे फिरकले नाही. अण्णांनी एका शब्दाने सांत्वन केले नाही की बोलावले नाही. फक्त प्रत्येक नाटकाचा नकाशा घरी पाठवत राहिले. त्यात दिव्यांच्या बटणांपाशी एक छोटा चौकोन असे आणि चौकोनात माझे नाव. तिसऱ्या नकाशाला मी चपला घातल्या आणि तालमीला गेले.

यंदाचा नकाशा मी काढला. अण्णांना वाचून दाखवला, त्यांनी दोन चुका काढल्या. मग हट्टाने त्यांना नाट्यगृहात नेले आणि रंगमंचावर मधोमध उभे केले. आमचे जुने दिवे चांगलेच तापतात. मी एकेक लावत गेले, अण्णा डोळे मिटून उबेच्या दिशेने गाल फिरवत गेले. "डोंगराकडचा तिसरा वाकडा हाय," म्हणाले. शिडीवर चढून पाहिले, होताच. सरळ करून खाली उतरले.

"जमतंय की तुला, बाय. मग मी कशाला येऊ?"

मी त्यांचे बोट धरून कागदावर ठेवले. माझ्या चौकोनाला लागून दुसरा चौकोन आखला होता. "यात तुमचं नाव आहे, अण्णा. नकाशात आहे ते जागेवर पाहिजे, हा तुमचाच नियम."

अण्णांनी त्या चौकोनावरून बोट फिरवले. मग म्हणाले, "खुर्ची समुद्राकडं ठेव. तिकडनं वारा येतो."

अण्णा, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. खुर्ची ठेवली आहे.