दाराच्या आतली पट्टी

आमच्या शेडच्या रांगेत त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. ह्याला दोरी लागत नसे. कुठेही काही तिरकं असलं की ते ह्याच्या डोळ्यात खुपायचं. माझ्या दुकानाची पाटी एकदा एका बाजूने करंगळीभर उतरली, तर हा तीन दिवस सकाळी येऊन तिच्याकडे नुसता बघून जायचा. चौथ्या दिवशी मीच मुकाट्याने शिडी लावली.

माझं दुकान गाड्यांच्या काचांचं, त्याचं वेल्डिंगचं. मध्ये एक पत्रा. बावीस वर्षांत त्या पत्र्यापलीकडून येणाऱ्या आवाजावरून मला कळायला लागलं होतं की आज ग्राइंडर चिडला आहे की चालवणारा.

सुरुवातीला तो फाटकं आणि जिन्याचे कठडे करायचा. मग एक दिवस खडीच्या खाणीवरचा माणूस पिकअप घेऊन आला. खाणीच्या रस्त्यावर चाकाखालचे दगड उडून गाडीची खालची कड चेपत होती. ओळंब्याने दोन्ही बाजूंना, दाराखाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाड पाइप बसवला आणि पट्ट्या घालून चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, घट्ट जोडला. काम इतकं नेटकं झालं की त्या माणसाने खाणीवरच्या सगळ्या गाड्या पाठवल्या. वर्षभरात फाटकं मागे पडली आणि तो साइड गार्डवाला झाला.

दगडांसाठी केलेलं गार्ड दगडांपुरतं राहिलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. पण गिऱ्हाईक विचारायचं, "बाजूने कोणी ठोकलं, तर वाचवेल ना हे?" तेव्हा ओळंबा हातोडा उचलून पाइपावर एक ठोका द्यायचा. ठण्णकन आवाज घुमायचा. "ऐका," एवढंच म्हणायचा. खोटं तो कधी बोलला नाही. पण 'नाही' असंही कधी म्हणाला नाही. आणि त्या आवाजावर माणसं खूश होऊन जायची.

त्याची एकच सख्खी बहीण, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे त्याचं लहानपण तिच्याच हाताखाली गेलेलं. तिला सगळी रांग ताई म्हणायची, मीसुद्धा, जरी माझं वय तिच्याहून जास्त होतं. तिचे यजमान, म्हणजे ओळंब्याचे दाजी, रोपवाटिका चालवायचे. जन्मभर तीनचाकीतून कुंड्या वाहिल्यावर त्यांनी पिकअप घेतली, तेव्हा ताई गाडी घेऊन थेट शेडमध्ये आली.

"ह्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा रोपांकडे जास्त असतं," ती म्हणाली. "तुझ्याकडचं सगळ्यात जड गार्ड लाव. कोणी येऊन आदळलं तर त्याचीच गाडी फुटली पाहिजे."

"अगं, मी काय युद्धावर चाललोय का?" दाजी म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. लाव रे."

ओळंब्याने चार दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. नेहमीपेक्षा दुप्पट जाडीचा पाइप आणला. दाराची खालची कड आणि पाइप यांच्यात फट राहू नये म्हणून तो पार वर घेतला, जणू दारातूनच तो उगवला आहे. मी म्हटलं, फट असली तर काय बिघडतं? तो म्हणाला, "बघ ना, कसं एकसंध दिसतंय."

पावणेदोन वर्षं काही झालं नाही. मग एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, बियाणांच्या गोदामाजवळच्या चौकात एक उंच जीप सिग्नल तोडून आली आणि दाजींच्या दारावर आडवी आदळली. जीपवाल्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. दाजींच्या कमरेचं हाड मोडलं, तीन बरगड्या गेल्या. गाडीभर झेंडूची रोपं चौकात पसरली होती, असं लोक नंतर सांगायचे, जणू तीच मुख्य बातमी होती.

ताईचा फोन आला तेव्हा मी ओळंब्याच्या शेडमध्येच होतो. फोन ऐकून त्याने हातातला मुखवटा खाली ठेवला आणि वेल्डिंगचं मशिन चालूच ठेवून निघाला. ते मी बंद केलं आणि त्याच्या मागे गेलो.

ऑपरेशन पाच तास चाललं. डॉक्टरांनी बाहेर येऊन धोका टळल्याचं सांगितलं तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. ताईने भावाचे दोन्ही हात धरले, ते जळके, डाग पडलेले हात, आणि सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली, "ह्या हातांनी वाचवलं त्यांना. ते गार्ड नसतं तर आज मी काय केलं असतं?"

ओळंब्याचा चेहरा मी पाहिला. माणसाला आयुष्यात असं कोणी एकदाच म्हणतं.

बातमी गावभर झाली. आठवड्याभरात शेडसमोर रांग लागली. भाजीवाले, दूधवाले, शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर, एक निवृत्त मास्तर तर चक्क छोट्या कारला गार्ड लावून मागत होते. ओळंब्याने वहीत अठ्ठावीस जणांचे नंबर लिहून घेतले. हातोड्याचा ठोका द्यायचीही गरज उरली नव्हती.

दहा-बारा दिवसांनी विमा कंपनीच्या सर्वेअर बाईंचा मला फोन आला. अपघाताच्या गाड्यांच्या काचांचा अंदाज त्या माझ्याकडून घ्यायच्या. पिकअप पोलिसांच्या आवारात उभी होती. मी निघालो तर ओळंबा म्हणाला, "मीही येतो. बघू तरी माझं काम कसं टिकलं ते."

आवारात ऊन रणरणत होतं. पिकअप भिंतीला लावून ठेवली होती. ड्रायव्हरच्या बाजूचं दार आत इतकं दबलं होतं की त्यात वासरू बसलं असतं. आणि त्याच्या खाली गार्ड.

गार्ड सरळ होतं.

ओळंबा गुडघ्यावर बसला. एक डोळा मिटून पाइपाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. मग दुसऱ्या टोकाला जाऊन तसंच पाहिलं. वरच्या अंगाला रंग थोडा खरवडला होता, बस्स. इतका जोरात मार बसला आणि लोखंडाला बाकसुद्धा नाही. एखाद्याला वाटलं असतं, वा, काय काम आहे! पण ओळंबा खाली बसूनच राहिला. मला कळलं, त्यालाही तेच कळलं होतं. ज्याने मार खाल्ला आहे, ते वाकतं. हे वाकलंच नव्हतं.

सर्वेअर बाई पन्नाशीच्या, डोक्याला ओढणी गुंडाळलेल्या, हातात टेप. त्यांनी जमिनीपासून पाइपापर्यंत माप घेतलं, मग दारावरच्या खड्ड्यापर्यंत. "वीतभर वरून आली जीप," त्या म्हणाल्या. "गार्डाला तिने विचारलंच नाही."

"हे मी बसवलंय," ओळंबा म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या, "काम चांगलं आहे तुमचं. वेल्ड एकही उघडला नाही."

"खालची गाडी असती तर? बुटकी कार?"

"तर पाइपाने थोडं घेतलं असतं. कदाचित. पण किती, आणि घेतलेलं चॅसीतून पुढे कुठे गेलं असतं, ते मला नाही सांगता येणार. तुम्हाला येईल? गाडी बनवणारी कंपनी नवी गाडी मुद्दाम आपटून, फोडून बघते. तुमचं गार्ड कोणी कधी आपटून बघितलंय?"

ओळंबा पुन्हा पाइपाकडे बघायला लागला.

"मग वाचले कसे ते?" मी विचारलं.

बाईंनी दाराचा फाटलेला पत्रा बाजूला करून आत बोट दाखवलं. दाराच्या पोटात एक आडवी पोलादी पट्टी होती, धनुष्यासारखी वाकलेली. "ही वाकली म्हणून. आणि मार सीटच्या जरा मागे, ह्या खांबावर बसला म्हणून. आणि सीटचा पट्टा लावलेला होता म्हणून. बाकी नशीब."

ओळंब्याने त्या पट्टीला हात लावला. आयुष्यभर लोखंडात वावरलेला माणूस, आणि प्रत्येक दाराच्या आत कोणीतरी आधीच एक गार्ड घालून ठेवलेलं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने वळून मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

काच बदलायला मी रोज दारं उघडतो. ती पट्टी रोज माझ्या मनगटाला लागते. "होतं," मी म्हटलं. "तू कधी विचारलं नाहीस." हे बोलताना मलाच लाज वाटली. शेजारी बसून इतकी वर्षं मीही तो ठण्ण आवाज ऐकत आलो होतो आणि कधी तोंड उघडलं नव्हतं.

सगळ्यात वाईट गोष्ट त्यानेच शोधली. दार आत दबताना त्याची खालची कड दुमडून पाइपाच्या मागे अडकली होती, कडी लागावी तशी. फट ठेवलीच नव्हती ना. चौकातली माणसं दार ओढत राहिली, ते उघडेना. शेवटी पलीकडच्या दारातून दाजींना मोडक्या कमरेनिशी ओढून काढलं होतं. वीस मिनिटं गेली त्यात.

परतताना तो गाडीत एकच वाक्य बोलला. "एकसंध दिसावं म्हणून."

मी त्याला म्हटलं, ताईला कशाला सांगतोस? माणूस जगला, तिचं समाधान झालं, तुझं नाव झालं. झाकली मूठ राहू दे. तो म्हणाला, "अठ्ठावीस जण ताईच्या तोंडचं ऐकून आलेत. मूठ माझी एकट्याची नाही."

दाजींना घरी आणल्यावर दुसऱ्या रविवारी तो गेला. मला बरोबर नेलं, साक्षीला म्हणून की धीराला म्हणून, देव जाणे. दाजी खाटेवर होते, ताई उशीचे अभ्रे बदलत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जीप वरून आली, गार्डाने काही केलं नाही, दार मात्र अडकवलं.

दाजी हसायला लागले आणि बरगड्यांमुळे लगेच थांबले. "म्हणजे पावणेदोन वर्षं मी तुझं ते ओझं डिझेल घालून फुकटच वाहिलं म्हण की!"

ताई हसली नाही. अभ्रा हातात तसाच. "तुला कोणी विचारलं होतं?"

"ताई, अगं लोक तुझं ऐकून..."

"लोकांचं मला काय सांगतोस? रात्री मला झोप लागत नाही. डोळे मिटले की ती जीप येते. मग मी मनाशी म्हणते, येऊ दे, माझ्या भावाने भिंत घातली आहे. तेव्हा कुठे डोळा लागतो. आणि तू सांगतोस भिंतच नव्हती." तिने अभ्रा खाटेवर टाकला. "जा तू आता."

दाजी म्हणाले, "अगं, खरं तेच बोलतोय तो." ती स्वयंपाकघरात निघून गेली.

आम्ही बाहेर आलो. ओळंबा पायरीवर बसून बूट घालत होता, दोनदा डावा बूट उजव्या पायात.

सोमवारी सकाळपासून त्याने फोन करायला सुरुवात केली. आधी ते अठ्ठावीस. "दगड-गोट्यांसाठी, खालून कड चेपू नये म्हणून हवं असेल तर या. बाजूने कोणी ठोकलं तर वाचाल ह्या भरवशावर येऊ नका. मला माहीत नाही." एकोणीस जणांनी नको म्हटलं. त्यातले बरेचसे पुढच्या रांगेतल्या दुसऱ्या वेल्डरकडे गेले, त्याने छातीवर हात ठेवून हमी दिली. निवृत्त मास्तर मात्र मुद्दाम भेटायला आले. म्हणाले, "हमी देणारे पुष्कळ भेटले. 'माहीत नाही' म्हणणारा पहिलाच." आणि गार्ड न लावताच गेले.

मग जुनी गिऱ्हाइकं. दाजींच्या गाडीनंतर तो सगळीच गार्डं तशी, फट न ठेवता, बसवत आला होता. ज्यांच्या गार्डाला दाराखाली फट नव्हती त्यांना त्याने परत बोलावलं, पाइप उतरवून चार बोटं खाली घेऊन दिला. पैसे घेतले नाहीत. खाणवाल्यांना हसू आलं, पण त्यांनी गाड्या पाठवल्या. जवळजवळ चाळीस गाड्या झाल्या. काही आल्याच नाहीत, आणि ते त्याच्या मनाला लागून राहिलं. रस्त्याने जाताना एखादी पिकअप दिसली की तो अजूनही दाराखाली बघतो.

ताई दोन महिने त्याच्याशी बोलली नाही. मी मध्यस्थी करायला गेलो तर मलाच ऐकवलं, "तुम्हाला तरी ती पट्टी आधी सांगता आली नाही?"

मग विम्यातून दुसरी पिकअप आली, जुनीच, पण बरी. दाजी काठी घेऊन चालायला लागले होते. एका सकाळी ताई ती गाडी घेऊन शेडसमोर थांबली. उतरून सरळ भावापुढे उभी राहिली.

"ह्यांचा पाय वर उचलत नाही," ती म्हणाली. "गाडीत चढताना मला मागून ढकलावं लागतं. कुंडी चढवल्यासारखं."

"मी ऐकतोय," गाडीतून दाजी म्हणाले.

"पायरी करून दे. खाली. आणि दार उघडताना कुठे अडकणार नाही अशी."

ओळंब्याने दाजींना उतरवून स्टुलावर बसवलं, उजवा पाय किती उचलता येतो ते हाताने मोजलं. पाय उचलताना दाजींनी ओठ आवळले, तर त्याने माप आणखी दोन बोटं खाली घेतलं. दिवसभर त्याच कामाला लागला. दार दहा-पंधरा वेळा उघडून-मिटून पाहिलं. मीही माझं काम सोडून गेलो, दाराचं आतलं अस्तर काढलं आणि ताईला ती पट्टी दाखवली. तिने ती बोटाने वाजवून पाहिली. फारसा आवाज आला नाही.

"एवढीशीच?" ती म्हणाली.

"एवढीशीच," मी म्हटलं.

तिने ओळंब्याकडे पाहिलं. तो पायरीखाली पाठीवर पडून बोल्ट आवळत होता, नुसते बूट दिसत होते. "चहा घेतलास का रे सकाळपासून?" तिने बुटांना विचारलं.

आतून "नाही" असं ऐकू आलं.

"ह्याचं हे असं," ती मला म्हणाली, आणि पिशवीतून थर्मास काढायला गाडीकडे गेली.