काकांचा उंबरठा

आमच्या इमारतीत माझ्या काकांना सगळे 'नाकवाले' म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण काकांचा रागही नाकावरच असे. ते सैन्यात सुरुंग काढणाऱ्यांच्या तुकडीत होते. तुकडीकडे यंत्रं होती, सळया होत्या, पण काकांचा भरवसा आपल्या नाकावर. उकरून पुन्हा दाबलेल्या मातीला निराळाच वास येतो, असं ते सांगत. "यंत्राची बॅटरी उतरते, नाकाची नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

नाकाचीही उतरली. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी एक ताप आला, लांबला आणि जाताना वास घेऊन गेला. आम्हाला हे कळलं फार उशिरा. तुम्हाला मात्र आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं हे ठाऊक असूनच ऐकायला हवं.

घरात शिरायची काकांची एक रीत होती. तरुणपणी एकदा त्यांच्या बुटाखाली 'कट्' असा आवाज झाला होता. ते तसेच उभे राहिले आणि देवाला म्हणाले, "घरी पोचव. मग रोज संध्याकाळचा दिवा माझ्या हातचा, आणि माझ्या माणसांच्या आधी उंबरठा मी ओलांडीन." सुरुंग फुटला नाही. देवाने त्याचं काम केलं आणि काकांनी मरेपर्यंत आपलं करायचं ठरवलं.

रोज संध्याकाळी काका-काकू फिरायला जात. परत येताना कोपऱ्यावर ताई, म्हणजे त्यांची मुलगी, ऑफिसहून येऊन त्यांना मिळे. वर आलं की काका कुलूप काढत, उंबरठ्यावर उभे राहून छाती भरून श्वास घेत आणि म्हणत, "ठीक." मग एकटे आत जाऊन अंधारातच देवाच्या कोनाड्याशी दिवा लावत, हात जोडत आणि तिथूनच हाक मारत, "या." तोवर बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. विजेचं बटणसुद्धा दिव्यानंतर. एकदा आत नळ फुटून पाणी वाहत होतं, तरी प्लंबर बिचारा जिन्यात पाना-पक्कड घेऊन ताटकळत उभा होता.

आम्ही चेष्टा करायचो, पण काकू आणि ताई त्या एका श्वासावर निर्धास्त असत. इतक्या, की त्यांनी स्वतःचं नाक वापरणंच सोडून दिलं होतं. दूध नासलंय का, हे काका सांगणार. मासे ताजे आहेत का, तेही काकाच. तापानंतरही काका पातेल्यावर वाकत, जोरात श्वास घेत, डोळ्यांनी साय न्याहाळत आणि अंदाजाने निकाल देऊन टाकत. एका रविवारी शेजारच्या खोलीत ते पेपर वाचत बसले असताना भाजी करपून कोळसा झाली. काकू खालून धावत आल्या.

"अहो, वास नाही आला?"

"आला की! मला वाटलं, आज तुला खरपूस हवीय."

आम्ही पोट धरून हसलो.

लपवायचं काय कारण, असं कोणीही विचारेल. तुकडीत ज्याचं एखादं इंद्रिय अधू होई, त्याला भांडारात सामान मोजायला बसवत. काकांच्या जोडीदाराला ऐकू कमी यायला लागलं होतं. हे कळलं तर आपल्याला मैदानातून काढतील, म्हणून त्याने कोणालाच सांगितलं नाही. एके दिवशी काका मागून ओरडले, "जागेवर!" त्यांच्यात या शब्दाचा अर्थ एकच, पाऊल आहे तिथेच ठेव. जोडीदाराला ते ऐकू गेलं नाही, त्याचं पुढचं पाऊल सुरुंगावर पडलं. काका रोज प्रार्थनेत त्याचं नाव घेत आणि नंतर म्हणत, "मूर्ख होता. सांगायला काय झालं होतं त्याला?" माझा काकांवर फार जीव होता, आजही आहे. पण दुसऱ्याला मूर्ख म्हणणाऱ्या या माणसाने स्वतः तेच करावं, याचा राग अजून जात नाही.

त्या दिवशी थंडी होती, म्हणून काकूंनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. निघताना चहा करून शेगडी बंद केली, पण सिलिंडरचा रेग्युलेटर तसाच चालू राहिला. रबरी नळी शेगडीच्या टोकाशी चिरली होती, ते कोणाला दिसलं नाही. ते तिघं परत येईपर्यंत बंद घरात गॅस भरत होता.

त्यांची भाजीची पिशवी घेऊन मी मागून जिना चढत होतो. वर काकांनी कुलूप काढलं, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "ठीक." आत गेले.

काकू दाराबाहेर थांबल्या. त्यांनी पदर नाकाला लावला, पुन्हा काढला आणि हळूच विचारलं, "काही वास येतोय का गं?"

"बाबांनी घेतला ना," ताई म्हणाली. फोनवरून तिने मान वर केली नाही.

काकूंनी पदर खोचून घेतला. नवऱ्याच्या नाकापुढे आपलं नाक काय, असंच त्यांना वाटलं असणार. एवढ्यात आत काडेपेटी खुळखुळली, जरा थांबून पुन्हा खुळखुळली.

"जागेवर!"

काकूंच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी अर्ध्या जिन्यात थिजलो. ताईच्या हातातला फोन खाली पडला. आत, जिन्यातल्या उजेडात, काका कोनाड्याकडे तोंड करून उभे दिसत होते, हात तसेच वर, हलले नाहीत. काकू उंबरठा ओलांडून आत शिरल्या. रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, मग काकांच्या हातातली काडेपेटी काढून घेतली आणि दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं. लहान मुलासारखे आले.

आम्ही सगळे जिन्यात बसलो.

"फार येत होता का वास?" शेवटी काकांनी विचारलं.

"फार."

"तापापासून काहीच येत नाही गं. देवाला रोज सांगत होतो."

ताई हुंदके देऊन रडायला लागली. काकूंनी फक्त एवढंच विचारलं, "काडी ओढली होती का?"

"छे! तेवढ्यात तू ओरडलीस ना."

आता घरात आधी काकू शिरतात. रेग्युलेटर बघतात, वास घेतात, "ठीक" म्हणतात आणि कनवटीची काडेपेटी काढून काकांच्या हातात देतात. दिवा काकाच लावतात. उंबरठ्याचा शब्द मोडला, दिव्याचा तरी पाळायचा ना. काडी पेटेपर्यंत काकू शेजारी उभ्या असतात.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकशीला वर गेलो, तेव्हा काकू केर काढत होत्या. काका अंघोळीला गेले होते. काकूंनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि तळहात उघडून दाखवला. कोनाड्याखाली त्यांना एक काडी सापडली होती, मधोमध मोडलेली. टोकाचा गूल ओढून ओढून खरवडला गेला होता. काडी दमट होती, एवढंच आमचं नशीब.

"हेही देवाला सांगितलं असेल बघ ह्यांनी," काकू म्हणाल्या. "मला नाही सांगितलं."