उसनी पाळी

कर्वेनगरातलं पाइपचं दुकान बंद ठेवून मी मांजरीला निघालो. दुकान बंद ठेवायला मला सहसा कुठलंच कारण पुरत नाही. पण वहिनींचा फोन आला होता. शेताला पाइपानं, मीटर लावून पाणी देणारी योजना आली होती. कालव्यावरची पाळी (ठरल्या दिवशी मिळणारं पाणी) सोडल्याच्या कागदावर सही करायची होती. "भावजी, सही करू का, तेवढं बघून सांगा."

हडपसरला बस बदलली. पूर्वी इथून पुढे काचेतून नुसता ऊस दिसायचा. आता इमारतींची नावं वाचता वाचता माझा थांबा चुकला आणि मागे चालत यावं लागलं. कालवा मात्र तसाच. याच पाण्यात दादांनी, माझ्या थोरल्या भावानं, मला पोहायला शिकवलं. आणि याच पाण्याची आमची पाळी एका उन्हाळ्यात मला न विचारता शेजारच्या तात्यांना दिली. माझा कांदा वाळला. मी भांडून शहरात आलो, तो कायमचा. दादा गेले, पण राग तसाच राहिला.

बांधावर योजनेचे इंजिनिअर खर्च-फायद्याचा तक्ता घेऊन उभे होते. मी सुरुवात केली, "पाइप फुटला तर खर्च कोणाचा? वहिनी दिवसभर दारं धरतात (वाफ्यात पाणी फिरवतात), त्यांची मजुरी कुठे आहे?"

"घरच्या माणसाची मजुरी धरत नाही, काका."

"मग तुम्हीही उद्यापासून फुकट या!"

त्यांनी मजुरीचा रकाना वाढवला. एवढं भांडूनही योजना फायद्याचीच निघाली. पाइपवाल्याला हे कळतं.

जेवायला भाकरी, मेथी आणि ठेचा होता. वहिनी म्हणाल्या, "फायदा हाय खरा. पण पाणी उसनं देता येईल का?"

"तशी तरतूद नाही," इंजिनिअर म्हणाले. "ज्याचं त्याच्या मीटरवर."

"उसनं?" मी विचारलं.

"तुमच्या दादांनी पाळी उसनी दिली व्हती, भावजी. तात्यांची रोपं जळत व्हती. फुडल्या साली आपली विहीर आटली, तवा तात्यांनी दोन पाळ्या सोडल्या. त्याच्यावर हे शेत राहिलं. तुम्ही कुठं व्हता?"

"पुण्यात. रागात."

मी इंजिनिअरांकडे वळलो. "साहेब, तुमच्या तक्त्यात विहीर कधी आटतच नाही. उसनवारीची अट लिहून आणा."

"वर विचारावं लागेल."

"विचारा की," म्हणत वहिनींनी बिनसहीचा कागद त्यांना परत दिला. "मग करते सही."

त्या दिवशी पाळी आमची होती. पलीकडे तात्यांच्या मुलाची कोथिंबीर माना टाकून होती. मी पँट दुमडून फावडं घेतलं.

"वहिनी, घटकाभर तिकडं सोडू?"

"मला कशाला विचारता? दादांनी तुम्हाला कुठं विचारलं व्हतं!"

संध्याकाळी दुकान उघडलं. माझे चिखलाचे पाय पाहून शेजारचा दुकानदार म्हणाला, "कुठे पडलात?"

"पडलो नाही," मी म्हणालो. "गावाला पाणी उसनं देऊन आलो. आता फेड घ्यायला जावं लागेल."